दमाला दाब नसतो

बिर्याणीच्या जवळजवळ प्रत्येक व्हिडिओत एक प्रसंग ठरलेला असतो. हंडीच्या काठाला कणकेची वळकटी लागते, झाकण दाबून बसवलं जातं, वर निखारे नाहीतर खलबत्ता येतो आणि सांगणारा सांगतो, ‘आता आत प्रेशर तयार होणार आणि मटण एकदम मऊ होणार.’ कोवळ्या बकऱ्याच्या मटणाला हे वाक्य खपून जातं, कारण ते तसंही लवकर शिजतं. मोठ्याचं, म्हणजे म्हशी-रेड्याचं, मटण घेतलं की मात्र पितळ उघडं पडतं. वर भाताचा गिच्चा, खाली चिवट तुकडे. मग दोष खाटकाला, तांदळाला, नाहीतर ‘दम नीट बसला नाही’ म्हणून कणकेला.

जरा हिशेब करू. घरातल्या बेताच्या हंडीचं तोंड ३० सेंटिमीटर व्यासाचं धरलं, तर झाकणाचं क्षेत्रफळ ७०० चौरस सेंटिमीटर भरतं. कुकरची शिट्टी वाजते तेव्हा आत दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो जादा दाब असतो. तेवढा दाब हंडीत तयार झाला तर झाकणाला वर ढकलणारा जोर ७०० किलोंचा होईल, म्हणजे झाकणावर चांगला पोसलेला रेडा उभा करावा लागेल. कुकरचं झाकण कडेखाली अडकवलेलं असतं म्हणून तो जोर सोसतं. कणकेच्या पट्टीला भेग पडते आणि वाफ वाट काढते. ५ किलोंचा खलबत्ता ठेवून मिळणारा जादा दाब कुकरच्या शंभराव्या हिश्शालाही पोचत नाही. त्याने पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो तो ०.२ अंशाने! पुण्यात, ५६० मीटर उंचीवर, पाणी मुळात ९८ अंशांनाच उकळतं. समुद्रकाठच्या चेन्नईच्या तुलनेत गमावलेले ते दोन अंशसुद्धा आपला खलबत्ता परत आणत नाही.

दम निरुपयोगी आहे असं मात्र नाही. त्याचं काम भातासाठी असतं. तळाच्या रश्श्यातून उठलेली वाफ वरच्या, त्या मानाने थंड शितांवर बसते आणि पाणी होते. पाणी होताना प्रत्येक ग्रॅम वाफ ५४० कॅलरी अप्रकट उष्मा देऊन जाते (कॅलरी भौतिकशास्त्रातल्या, डाएटवाल्या नव्हेत). तेवढंच उकळतं पाणी १० अंशांनी निवलं असतं तर १० कॅलरीच मिळाल्या असत्या. शिवाय वाफ जिथे जास्त थंड तिथे जास्त बसते, त्यामुळे अर्धवट उकडलेला भात कुणी न ढवळता सगळीकडे सारखा होतो. कणीक वाफेला कोंडून ठेवते, पुदिना-वेलदोड्याच्या वासालाही. एवढ्यासाठी ती लावायची. मटण मऊ करणं हे तिचं खातं नाही.

ते खातं कोलाजेनचं आहे, आणि माझा जीव खरा त्यात अडकलेला आहे.

मांस म्हणजे स्नायूंचे तंतू आणि त्यांना बांधून ठेवणारी संयोजी ऊती. पायाची नळी, मान, खांदा असे जे भाग जनावर रोज राबवतं तिथे ही बांधणी दाट असते. बांधणीचं मुख्य प्रथिन कोलाजेन. त्याचा रेणू तीन पेडांच्या दोरीसारखा असतो, सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर जाड. प्रत्येक पेड म्हणजे हजारेक अमिनो आम्लांची, प्रथिनांच्या मण्यांची, साखळी. ही रचना पहिल्यांदा मांडली ती आपल्याच देशात, मद्रास विद्यापीठात. जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत. क्ष-किरणांखाली ठेवायला सुबक कोलाजेन हवं होतं, ते मिळालं कांगारूच्या शेपटीतल्या, स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरांमधून. पुढच्याच वर्षी त्यांनी आराखडा सुधारला : प्रत्येक पेड स्वतः डावीकडे पिळलेला, आणि तिन्ही पेड मिळून एकमेकांभोवती उजवीकडे पिळलेले. त्याच वर्षी रिच आणि क्रिक या परदेशी शास्त्रज्ञांनी आपला आराखडा मांडला आणि तीन अमिनो आम्लांमागे हायड्रोजन बंध (पेडांना एकमेकांशी धरून ठेवणारे दुवे) एक की दोन, यावर दोन्ही बाजूंत वाद झाला.

पेड उलट-सुलट पिळल्याने दोरी सहज उकलत नाही. पण हे जमायला पेड एकमेकांच्या फार जवळ यावे लागतात, आणि गाभ्यात जागा अगदीच थोडी असते. म्हणून साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन लागतं, कारण बाजूला फक्त एक हायड्रोजन घेऊन फिरणारं ते सगळ्यात लहान अमिनो आम्ल. उरलेल्या दोन जागांवर बऱ्याचदा प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन असतात, त्यांच्या कड्या ताठ असल्याने साखळीला हवं तसं वळता येत नाही. हायड्रॉक्सिप्रोलिन जितकं जास्त, तितकी दोरी उष्णतेला टिकाऊ. ते घडवायला शरीराला क जीवनसत्त्व लागतं. ते न मिळाल्याने स्कर्व्हीत हिरड्या सुटतात, त्यामागे हीच दोरी ढिली पडणं असतं. माशांच्या कोलाजेनमध्ये हायड्रॉक्सिप्रोलिन कमी, म्हणून बांगडा तव्यावर काही मिनिटांत सुटतो आणि म्हशीची नळी तासन्‌तास दाद देत नाही.

इथे थोडं गुंतागुंतीचं आहे, पण सोडू नका. एकट्या रेणूवर भागत नाही. हे रेणू शेजारीशेजारी रचून त्यांच्यात आडवे रासायनिक बंध तयार होतात. वासरात हे बंध कच्चे असतात, उष्णतेने सुटतात. वय वाढतं तसे ते पक्के होतात आणि उष्णतेला जुमानत नाहीत. म्हणून म्हाताऱ्या जनावराच्या मांसात कोलाजेन फारसं जास्त नसलं तरी ते चिवट लागतं. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, मार्च २०१५पासून बैल, वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. त्यामुळे इथे बीफ म्हणून जे मिळतं ते म्हशीचं किंवा रेड्याचं, आणि दूध आटलेली म्हैस काही कोवळी नसते.

तापवल्यावर काय होतं? ६० ते ६५ अंशांना दोरी आखडते आणि तंतूंना पिळते. ७० च्या पुढे तंतूंमधली प्रथिनंही घट्ट होतात, पाणी बाहेर पडतं. या टप्प्यावरचं मटण कच्च्या मटणापेक्षा जास्त चिवट असतं. पुष्कळ लोक इथेच घाबरून ‘आता जास्त शिजवलं तर आणखी कडक होईल’ म्हणून गॅस बंद करतात. खरं तर थांबायचं नसतं. पेड हळूहळू सुटे होतात, पाण्यात विरघळतात, त्यांचं जिलेटिन होतं. उकळत्या रश्श्यात याला अडीच-तीन तास लागतात. रासायनिक क्रियांचा वेग दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो हा ढोबळ नियम धरला, तर कुकरच्या १२० अंशांना वेळ चौथाईवर येतो, पाऊण तासाच्या आसपास. (शिट्ट्या मोजू नका. शिट्टी गॅसच्या ज्योतीवर ठरते. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून घड्याळ बघा.)

भाताचं गणित अगदी वेगळं. तांदळातलं पिष्ट ६० ते ८० अंशांच्या दरम्यान फुगतं, आणि पाणी पुरेसं असेल तर वीस मिनिटांत शीत तयार. एकाला वीस मिनिटं, दुसऱ्याला तीन तास, आणि दोघांना एकाच हंडीत, एकाच तापमानाला कोंडायचं. दमाने हा तिढा सुटत नाही. तो हंडीबाहेर, आधीच सोडवून यावं लागतं.

तामिळनाडूतल्या आंबूर, वाणियंबाडीच्या स्वयंपाक्यांनी तो तसाच सोडवला आहे. चेन्नई-बंगळुरू रस्त्यावरच्या या गावांची बीफ बिर्याणी प्रसिद्ध आहे. सुक्या लाल मिरच्या भिजवून वाटायच्या, आलं-लसूण, दही, टोमॅटो, पुदिना घालून मटण मसाल्यात पूर्ण शिजवायचं. तांदूळ वेगळा उकडून निथळायचा, मटणावर पसरायचा आणि शेवटी दम. तांदूळ बासमती नसतो, सिरगा सांबा असतो, आपल्या आंबेमोहोरासारखा आखूड. मे २०२२मध्ये तिथल्या जिल्हा प्रशासनाने आंबूरला बिर्याणी महोत्सव जाहीर केला आणि त्यातून बीफ बिर्याणीच वगळली. वाद पेटला, शेवटी पावसाचं कारण सांगून महोत्सव पुढे ढकलला गेला.

या गावांचा दुसरा धंदा चामड्याचा. मला यात फार मजा वाटते, कारण कातडंही कोलाजेनच. कच्चं कातडं गरम पाण्यात टाकलं तर तेही साधारण ६०-६५ अंशांना आखडतं. कमावणं म्हणजे पेडांमध्ये नवे आडवे बंध घालणं. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं उकळत्या पाण्यातही आखडत नाही. कोल्हापुरी चपलेचं चामडं हिरडा आणि बाभळीच्या सालीतल्या टॅनिनने कमावतात, तेही म्हशीचंच असतं बहुधा. कातडं कमावताना जे बंध पक्के करायचे, तेच चुलीवर तोडायचे.

आता आपल्याकडचा एक जुना तोडगा आठवा : मटण शिजत नसेल तर त्यात सुपारीचं खांड टाकायचं. सुपारीत टॅनिन असतं, म्हणून तर खाल्ल्यावर तोंड आवळतं. म्हणजे मऊ करायच्या मांसात आपण कातडं कमावायचं द्रव्य टाकतो. नशीब एवढंच की एका खांडाने काही होत नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. कच्च्या पपईची गोष्ट निराळी. तिच्यातलं पपेन खरोखर प्रथिनं कापतं, पण सगळ्यात जोमाने ६० ते ७० अंशांना. फ्रिजमध्ये रात्रभर ते जवळजवळ झोपलेलं असतं. हंडी तापताना जागं होतं आणि उकळीपर्यंत स्वतःच निकामी होतं. तेवढ्या वेळात बाहेरचे दोन-चार मिलिमीटर पिठूळ होतात, आतली नळी आहे तशी. मसाला रात्रभर ‘आत मुरतो’ हेही तसंच. आत जातं ते मुख्यतः मीठ.

तेव्हा घरी करायची तर एक किलो नळीचं किंवा खांद्याचं मटण घ्या, चरबी-पडदे फार काढायला लावू नका. मसाल्यात परतून, कपभर पाणी घालून कुकरला पाऊण तास. हाताने दाबल्यावर तुकडा धाग्याधाग्याने सुटायला हवा, नाहीतर आणखी दहा मिनिटं. रस्सा आटवून दाटसर ठेवा. पाणी जास्त राहिलं तर खालचा भात गिच्च, अगदी कोरडं झालं तर वाफ कशाची होणार? तांदूळ अर्धा तास भिजवून, भरपूर खारट पाण्यात, शितात बारीक कणी राहीपर्यंत उकडून निथळा. एक थर मटण, एक थर भात, पुन्हा तसंच. तळाला जाड तवा, काठाला कणीक, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. झाकणावर वजन ठेवायचंच असेल तर ठेवा, झाकण हलणार नाही.

विरघळलेलं जिलेटिन रश्श्याला ओठाला चिकटणारा दाटपणा देतं. तेच आणखी तोडून, वाळवून हल्ली ‘त्वचेसाठी कोलाजेन’ म्हणून महागड्या डब्यांतून विकतात. पोटात गेल्यावर त्याचे तुकडे होतात, अमिनो आम्लं आणि छोटे पेप्टाइड, म्हणजे त्यांच्याच आखूड साखळ्या. ते नेमके गालावरच्या सुरकुतीपर्यंत जावेत अशी काही सोय शरीरात नाही. नळीचं मटण स्वस्त पडतं आणि चवही बरी.

उरलेली बिर्याणी तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवा, शिजलेला भात बाहेर राहिला की त्यात जंतू वाढतात. सकाळी तळाशी थलथलीत थर दिसला तर समजा मटण बरोबर शिजलं होतं. गरम करताना वर पाण्याचा हबका मारा. जिलेटिन लगेच वितळतं, कडक झालेल्या शितांना मात्र वाफ लागते.