द ग्रिपिंग हँड

लॅरी निव्हन आणि जेरी पूर्नेल या अमेरिकन लेखकांनी मिळून लिहिलेली, १९९३ साली प्रसिद्ध झालेली विज्ञान कादंबरी. याच जोडीच्या १९७४ मधील ‘द मोट इन गॉड्स आय’चा हा उत्तरार्ध. ब्रिटनमध्ये तो ‘द मोट अराउंड मर्चिसन्स आय’ या नावाने निघाला. दोन्ही कादंबऱ्या पूर्नेलने आधीपासून रचत आणलेल्या भविष्यकाळात घडतात. त्यात माणूस अनेक ग्रहांवर पसरला आहे आणि एका सम्राटाच्या अमलाखाली आहे. पहिली कादंबरी इ. स. ३०१७ मध्ये सुरू होते, दुसरी त्यानंतर सुमारे पाव शतकाने.

दुसरी कादंबरी कळायची तर पहिलीतले जीवशास्त्र माहीत हवे. माणसाला प्रथमच भेटलेली परकी बुद्धिमान जात म्हणजे ‘मोटी’. या जीवाला उजवीकडे दोन नाजूक, कुशल हात आणि डावीकडे एकच दांडगा, घट्ट पकडणारा हात. कादंबरीचे नाव त्या तिसऱ्या हातावरून आले आहे. त्यांच्यात मालक, मध्यस्थ, अभियंते, योद्धे, शेतकरी अशा उपजाती असून प्रत्येकीची शरीररचना तिच्या कामापुरती घडलेली असते. मध्यस्थ हे मालक आणि अभियंते यांच्या संकरातून झालेले, म्हणून वांझ. वाटाघाटी त्यांच्याकडे असतात, आणि ज्या माणसाशी नेमून दिले त्याच्यासारखेच ते बोलू व विचार करू लागतात.

खरी मेख प्रजननात आहे. मोटी आयुष्यात लिंग बदलतो आणि मादी असताना गर्भ राहिला नाही तर मरतो. त्यामुळे लोकसंख्या आवरणे त्याच्या हातातच नाही. गर्दी, युद्ध, सर्वनाश आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ, असे फेरे त्यांच्या ग्रहावर हजारो वर्षे चालू आहेत. पुढच्या फेऱ्यातल्या वंशजांना सोयीचे जावे म्हणून त्यांनी संग्रहालये बांधून ठेवली आहेत. त्यांच्या दाराचे कुलूप खगोलशास्त्राचे ज्ञान असल्याशिवाय उघडत नाही, म्हणजे तयारी नसलेल्याने आत शिरून मोडतोड करू नये. दोन्ही पुस्तकांत मिळून या कुलपाइतकी सुरेख कल्पना दुसरी नसावी. न सुटणारा प्रश्न सोडवायला निघणाऱ्याला मोटी ‘वेडा एडी’ म्हणतात.

ही जात आकाशगंगेत पसरली तर माणसाला जागा उरणार नाही, हे ओळखून साम्राज्य तिची कोंडी करते. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे क्षणात उडी मारता येते, पण ठरावीक बिंदूंवरूनच. मोटींच्या सूर्याजवळचा एकमेव बिंदू एका तांबड्या महाराक्षसी ताऱ्याच्या विरळ बाह्य थरांच्या आत उघडतो. ऊर्जा शोषणारे संरक्षक क्षेत्र नसलेले जहाज तिथे जळून जाते. ते क्षेत्र असलेल्या जहाजालाही तिथे फार काळ थांबता येत नाही, कारण साठलेली उष्णता बाहेर टाकायला जागा नसते. या भट्टीत माणसांचे आरमार आळीपाळीने पहारा देते. उडीनंतर येणारी भोवळ मोटींना माणसांपेक्षा जास्त बाधते, ही पहारेकऱ्यांची जमेची बाजू. या ताऱ्याच्या मागे दिसणारी पार्श्वभूमी काल्पनिक नाही: ‘कोलसॅक’ हा काळा तेजोमेघ त्रिशंकू तारकासमूहात खराच आहे. महाराष्ट्रातून मे महिन्याच्या रात्री त्रिशंकू दक्षिण क्षितिजालगत दिसतो, पण क्षितिजावरच्या धुरकट हवेत तो काळा डाग ओळखू येणे कठीण.

उत्तरार्धाचे नायक पहिल्या कादंबरीत दुय्यम होते: होरेस बरी हा धनाढ्य अरब व्यापारी आणि केव्हिन रेनर हा पूर्वीचा नौदल अधिकारी. दोघे आता साम्राज्याचे गुप्तहेर आहेत. बरीच्या मनात मोटींची धास्ती कायमची बसलेली आहे, कारण मागच्या मोहिमेत मेलेल्या माणसाच्या अंतराळ-पोशाखात शिरलेले त्यांच्यातले छोटे जीव त्याने पाहिले होते. एका दूरच्या ग्रहावर लोक बोलताना सहज ‘तिसऱ्या हाताचा’ उल्लेख करतात, हे कानावर पडताच दोघे सावध होतात. मोटी निसटलेले नाहीत, पण कोंडी टिकणार नाही हे पुढे कळते. जवळचा एक आदितारा, म्हणजे अजून घडत असलेला तारा, अंदाजापेक्षा लवकर पेटण्याच्या बेतात असतो, आणि तो पेटला की उडीचा नवा बिंदू तयार होणार असतो. बंद दरवाजाला पहारा, आणि भिंतीला भोक पडते दुसरीकडेच.

यानंतरचा निम्मा भाग वाटाघाटी आणि लढाया यांत जातो. धूमकेतू व लघुग्रहांवर राहणाऱ्या मोटींच्या व्यापारी टोळ्यांनी ‘मदिना’, ‘ईस्ट इंडिया’ अशी माणसांची नावे घेतली आहेत. बरीच्या सहवासात तयार झालेल्या मध्यस्थांमुळे त्याचे डावपेच त्यांच्या अंगी मुरलेले, त्यामुळे म्हातारा बरी इथे स्वतःच्याच शिष्यांशी सौदा करतो. पहिल्या कादंबरीत साचेबद्ध वाटणारा हा माणूस इथे भयाला पुरून उरतो. अखेरीस तो मरतो, आणि पुस्तकातला सर्वांत पूर्ण माणूस तोच ठरतो.

तोडगा जीवशास्त्रातूनच निघतो. माणसांच्या संशोधन संस्थेने तयार केलेला एक परोपजीवी कृमी मोटींच्या शरीरात सोडला की गर्भधारणेविना मादीचे मरण टळते आणि आयुष्य वाढते. पेच सुटतो, पण जरा फारच सोयीस्करपणे. शिवाय एका जातीच्या संततिनियमनाची किल्ली दुसरीच्या हाती जाणे हा तह की ताबा, हे लेखक फारसे खोदत नाहीत. कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाच्या जाहिराती पाहत वाढलेल्या भारतीय वाचकाला हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही.

पहिली कादंबरी ह्यूगो आणि नेब्युला या दोन्ही पुरस्कारांच्या नामांकनांत होती. उत्तरार्ध तिच्या तोडीचा मानला जात नाही, आणि ते मत रास्त आहे. शेवटच्या लढायांत इतक्या टोळ्या आणि जहाजे आहेत की कोण कोणाच्या बाजूने लढतो ते मागे जाऊन पाहावे लागते. तिसऱ्या हाताचा वाक्प्रचार मात्र संगणक-प्रोग्रामरांच्या बोलीत रुजला: इंग्रजीत ‘ऑन द वन हँड’, ‘ऑन द अदर हँड’ (एकीकडे, दुसरीकडे) असे सांगून झाल्यावर निर्णायक मुद्दा मांडताना ते ‘ऑन द ग्रिपिंग हँड’ म्हणतात. पूर्नेलच्या मुलीने याच विश्वात पुढचा भाग लिहिला. तो ‘आउटीज’ या नावाने २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.