एक ड्राइव्ह फॉल्टला, बाकीचे थांबले कसे? सर्वो पॅनेलच्या वायरिंगची पार्श्वभूमी

ठाण्याची वागळे इस्टेट असो की नवी मुंबईचं रबाळे-महापे, जुन्या धाटणीचं सर्वो पॅनेल (वेग आणि जागा नेमकी राखणाऱ्या सर्वो मोटरींचं कंट्रोल-कपाट) उघडलं की एक वायर हमखास सापडते. पहिल्या ड्राइव्हच्या (मोटरला हवी तशी वीज देणाऱ्या उपकरणाच्या) अलार्म कॉन्टॅक्टमधून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, आणि शेवटी मेन कॉन्टॅक्टरच्या (सगळ्यांची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलला. एक ड्राइव्ह फॉल्टला गेला, म्हणजे बिघाड दाखवून थांबला, किंवा नुसता टर्मिनलचा स्क्रू ढिला पडला, तरी कॉन्टॅक्टर पडतो आणि सगळे अक्ष (मोटरींनी हलणारे मशीनचे भाग) बंद.

ही रीत सर्वोपेक्षा बरीच जुनी. १८७२ मध्ये अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने रेल्वेसाठी क्लोज्ड ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. रुळांतून प्रवाह आला तरच मार्ग मोकळा. गाडी आली, तार तुटली वा बॅटरी संपली, की रिले पडून सिग्नल धोक्यावर. कारखान्यांत तेच तत्त्व आणीबाणीच्या मश्रूम बटणाच्या एनसी (एरवी जोडलेल्या, दाबल्यावर तुटणाऱ्या) कॉन्टॅक्टमध्ये दिसतं. २०२५ पर्यंत लागू असलेल्या आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम २४ही प्रत्येक कामाच्या खोलीत आणीबाणीला शक्ती तोडण्याचं साधन मागत असे. यंत्रं पट्ट्यांवर चालत तेव्हा शक्ती तोडली की काम भागलं, असं धरलं जाई.

सर्वोला हे लागू पडेना. कॉन्टॅक्टर पडला तरी ड्राइव्हच्या आतल्या डीसी बसचे, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाचे, कपॅसिटर काही मिनिटं भरलेले राहतात. वेगात असलेलं जड टेबल ताब्यात न राहता पुढे जातं. होल्डिंग ब्रेक नसलेला उभा अक्ष खाली येतो. गॅन्ट्रीत (आडव्या बीमच्या मशीनमध्ये) दोन मोटरी एकच बीम ओढतात. एक मेली आणि दुसरी चालत राहिली, तर बीम तिरका होऊन अडकतो. म्हणून यंत्रांच्या विद्युत सुरक्षेच्या आयईसी ६०२०४-१ या आंतरराष्ट्रीय मानकामधले थांबण्याचे प्रकार महत्त्वाचे. प्रकार ० मध्ये वीज लगेच तोडायची. प्रकार १ मध्ये आधी विजेच्याच जोरावर थांबवायचं, मग तोडायची. माझ्या मते या विषयातली खरी प्रगती या दोन वाक्यांच्या क्रमात आहे.

जर्मनीच्या पिल्झचा पीएनओझेड सेफ्टी रिले १९८७ मध्ये आला; चिकटलेला कॉन्टॅक्ट पकडणारी अशी उपकरणं पुढे नेहमीची झाली. २००७ च्या आयईसी ६१८००-५-२ ने ड्राइव्हच्या आतल्या सुरक्षा कामांना एकसारखी नावं दिली. त्यातलं एसटीओ (सेफ टॉर्क ऑफ) मोटरला टॉर्क (फिरवणारा जोर) मिळूच देत नाही, बस भरलेली असली तरी.

आता अलार्म लूप (सुरुवातीला सांगितलेली ती वायर) तुटला की निरोगी ड्राइव्हना आधी रॅम्पवर, म्हणजे हळूहळू वेग कमी करत, थांबवतात, आणि सेफ्टी रिलेचे विलंबित कॉन्टॅक्ट ठरावीक वेळानंतर एसटीओ लागू करतात. फॉल्टचा ड्राइव्ह स्वतः रॅम्प पाळेलच असं नाही. त्याच्या मोटरसाठी डायनॅमिक ब्रेक, म्हणजे फिरत्या मोटरचीच वीज रोधकात जिरवून तिला थांबवणं. उभ्या अक्षाचा ब्रेक मात्र टॉर्क जाण्याआधी लागायला हवा.

बरेच ड्राइव्ह एसटीओच्या सॉकेटमध्ये जंपर प्लग (एसटीओला बगल देणारी जोडणी) लावूनच येतात. घाईत तो तसाच राहिला तर मशीन छान चालतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. शिवाय एसटीओने मोटरच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज तुटत नाही. हात घालायचा तर आयसोलेटर (मुख्य वीज तोडणारा स्विच) पाडून, कुलूप लावून, ड्राइव्हवर छापलेली मिनिटं थांबून, मीटरने बस तपासूनच.