कोटा क्विकी

ब्रिटनमध्ये कायद्याने ठरवून दिलेला स्वदेशी चित्रपटांचा वाटा भरण्यासाठी स्वस्तात, झटपट उरकलेला कथापट. कालखंड साधारणपणे १९२८–३८. त्यांत गुन्हेपट पुष्कळ असून खासगी गुप्तहेर हे त्यांतले हुकमी पात्र होते.

१९२७ च्या चित्रपट कायद्याने वितरकांवर ७.५ टक्के, तर प्रदर्शकांवर ५ टक्के ब्रिटिश चित्रपटांची सक्ती केली. पुढे दोन्ही प्रमाणे टप्प्याटप्प्याने २० टक्क्यांवर गेली. चित्रपटाची निर्मितीसंस्था ब्रिटिश हवी, स्टुडिओतील चित्रण साम्राज्यात झालेले हवे आणि वेतनाचा ७५ टक्के भाग (ठरावीक सवलत वगळून) ब्रिटिश प्रजाजनांना मिळालेला हवा, अशा अटी होत्या. किमान खर्चाची अट मात्र नव्हती. सगळी गोम इथेच होती. व्याख्या साम्राज्यभर लागू असल्याने भारतात तयार झालेला चित्रपटही कागदोपत्री ‘ब्रिटिश’ ठरू शके. १९३८ च्या कायद्याने वितरकांची ही पळवाट बंद केली.

हा वाटा भरण्यासाठी अमेरिकी वितरण कंपन्यांच्या लंडनमधील शाखा ब्रिटिश निर्मात्याला साधारणपणे फुटाला एक पौंड देत. ३५ मिमी. बोलपटाची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. म्हणजे ६,००० फुटांचा चित्रपट सुमारे ६७ मिनिटांचा आणि सहा हजार पौंडांचा. त्यातच पटकथा, नट, सेट, कच्ची फिल्म आणि निर्मात्याचा नफाही. त्यामुळे फुकट गेलेला प्रत्येक फूट निर्मात्याच्या खिशातून जाई. टेक शक्यतो एकच, नट अडखळला तरी चालवून घेत. लांबी कमी भरली, तर मोटार येण्याजाण्याची, जिने चढण्याची दृश्ये लांबवत. ट्विकनमला ज्युलियस हेगन यांच्या स्टुडिओत दिवसपाळी-रातपाळीने काम चाले.

या हिशेबात गुप्तहेर चपखल बसे. कचेरी, हॉटेलातली खोली, एखादा दिवाणखाना एवढ्यावर कथा निभावते. उलगडा संवादातून होत असल्याने पाठलाग, गर्दी टळते. आर्थर वॉन्टनर यांनी १९३१–३७ मध्ये पाच चित्रपटांत शेरलॉक होम्स साकारला. त्यांतले चार ट्विकनमचे. सेक्स्टन ब्लेक या लोकप्रिय कथांतल्या गुप्तहेराचेही चित्रपट याच दशकात निघाले. तोटा असा, की बैठ्या संवादांनी चित्रपट नाटकासारखा वाटे.

हे चित्रपट सकाळी, झाडूवाल्या बायका रिकाम्या थिएटरात काम करत असताना दाखवत, ही कथा फार प्रचलित आहे. काही अमेरिकी कंपन्यांच्या लंडनमधील थिएटरांत तसे घडले असावे. सर्वत्र तसेच होते, असे मानायला आधार तोकडा आहे. चित्रपट-इतिहासकार रेचल लो यांनी या निर्मितीला जवळजवळ निकालात काढले. दुसरे इतिहासकार स्टीव्ह चिब्नल यांनी उपनगरांतील व प्रांतिक शहरांतील थिएटरांचा विचार करून तिथे या चित्रपटांना नेहमीचा प्रेक्षक होता, असे दाखवले. हे मत अधिक ग्राह्य वाटते. मायकेल पॉवेल यांच्यासारख्या दिग्दर्शकाची उमेदवारी याच कामात झाली, हेही विसरता येत नाही.

१९३८ च्या कायद्याने प्रत्येक चित्रपटामागे किमान ७,५०० पौंडांच्या श्रमखर्चाची अट घातली आणि फुटाचा हा धंदा बसला. मर्टन पार्कसारख्या स्टुडिओंतील युद्धोत्तर दुय्यम गुन्हेपटांनाही कधीकधी हेच नाव दिले जाते, पण ती निर्मिती वेगळ्या आर्थिक चौकटीतली होती. दोहोंची गल्लत न केलेली बरी.

ज्वालाग्राही, लवकर खराब होणाऱ्या नायट्रेट फिल्मवरचे यांतले बरेच चित्रपट आज उपलब्ध नाहीत. वॉन्टनर यांच्या होम्सपटांपैकी १९३२ चा ‘द मिसिंग रेम्ब्रांट’ हरवलेल्यांतच मोडतो.