पार्श्वभूमी: खोल समुद्रातल्या बचावाचं बिल कुणाच्या नावावर?

आपल्याकडे ‘सबमर्सिबल’ म्हटलं की बोअरमध्ये सोडलेला पंप डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे जून 2023 मध्ये टायटॅनिकचे अवशेष पाहायला गेलेलं ‘टायटन’ हे सबमर्सिबल यान बेपत्ता झालं, तेव्हा मराठी बातम्यांत त्याची सरसकट ‘पाणबुडी’ झाली. घोळ किरकोळ वाटतो, पण पैशांचा विषय निघाला की तो नडतो. पाणबुडी स्वतःच्या ताकदीवर बंदरातून निघते आणि परत येते. तिच्यामागे सहसा एखादं नौदल असतं. सबमर्सिबल जहाजावरून नेऊन पाण्यात सोडावं लागतं आणि पुन्हा उचलून घ्यावं लागतं. टायटनची तर कुठल्याच देशात नोंदणी नव्हती. आत बसणाऱ्यांना ‘प्रवासी’ म्हणायचं नाही, ‘मोहीमतज्ज्ञ’ म्हणायचं, अशी सोयीची परिभाषा होती. माणशी दर मात्र अडीच लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने दोन कोटी रुपये.

दोन कोटी मोजून गेलेल्यांसाठी करदात्यांनी का भरावं, हा सवाल शोध चालू असतानाच विचारला गेला. त्याचं कायदेशीर उत्तर जुनं आहे. समुद्रावर माल किंवा जहाज वाचवलं तर मोबदला मिळतो. धंद्यातली माणसं त्याला साल्व्हेज म्हणतात आणि ‘काम फत्ते नाही, तर पैसे नाहीत’ हा त्याचा प्रसिद्ध सौदा. जिवाचं तसं नाही. 1910 च्या ब्रुसेल्स कराराने आणि पुढे 1989 च्या करारानेही स्पष्ट केलं की वाचलेल्या माणसाकडे मोबदला मागायचा नाही. माल वाचला असेल तर त्याच्या मोबदल्यात जीव वाचवणाऱ्यालाही वाटा मिळतो, एवढंच. आपल्या 1958 च्या व्यापारी नौकानयन कायद्यात जीव वाचवल्याची रक्कम आधी चुकती करावी आणि ती जहाजमालकाने द्यावी, अशी तरतूद होती. अमेरिकेचं तटरक्षक दल तर बचावाचे पैसे वसूलच करू शकत नाही. खोटी आणीबाणी कळवली तरच करू शकतं.

गंमत म्हणजे सामायिक खर्चाचं एक जुनं उदाहरण खुद्द टायटॅनिकनेच घालून दिलं. ती 1912 मध्ये बुडाल्यावर उत्तर अटलांटिकमधल्या हिमनगांवर गस्त सुरू झाली आणि 1914 च्या सागरी सुरक्षा करारात तिचा खर्च दर्यावर्दी देशांनी वाटून घ्यायचं ठरलं. खोल पाण्यात अडकलेल्या खासगी यानांसाठी असा वाटा कुणी ठरवला नाही.

खरा तिढा मात्र एका शब्दात आहे: बचाव संपला, असं कधी म्हणायचं? अर्जेंटिनाची ‘सान हुआन’ ही पाणबुडी 15 नोव्हेंबर 2017 ला 44 जणांसह नाहीशी झाली. अनेक देशांची जहाजं आणि विमानं धावली. पंधरा दिवसांनी, 30 नोव्हेंबरला, नौदलाने बचाव थांबल्याचं जाहीर केलं आणि पुढे फक्त पाणबुडीचा शोध राहिला. नातेवाइकांचा संताप झाला, तो रास्तच होता. पुढच्या वर्षी एका खासगी कंपनीशी ‘सापडली तरच पैसे’ असा 75 लाख डॉलरचा करार झाला आणि नोव्हेंबर 2018 मध्ये ती 900 मीटरच्या आसपास सापडली. पाणबुडी तीच आणि समुद्रही तोच, फक्त शब्द बदलला आणि बिल सुरू झालं.

टायटनबाबत हा शब्द चार दिवस बदलला नाही, आणि वाद त्याचाच आहे. 18 जूनला संपर्क तुटला त्याच सुमारास अमेरिकी नौदलाच्या श्रवणयंत्रणेने यान पाण्याच्या दाबाखाली चिरडल्याशी जुळेल असा आवाज टिपला होता. तो शोधप्रमुखांना कळवलाही होता. पण खात्री नाही म्हणून मोहीम ‘बचाव’च राहिली. मध्येच टकटक ऐकू आल्याच्या बातम्या आल्या. तिचा टायटनशी संबंध नव्हता. फ्रेंच जहाज 6000 मीटरपर्यंत जाणारा रोबो घेऊन आलं. 22 जूनला, 96 तासांच्या प्राणवायूचा हिशेब संपत आला असताना, टायटॅनिकच्या पुढच्या टोकापासून सुमारे 500 मीटरवर तुकडे दिसले. आवाजाची बातमी लोकांना कळली तीही त्याच दिवशी. साहजिकच, हे आधीच माहीत होतं तर इतका पैसा का ओतला, असं लोक विचारू लागले.

मला मोहीम ‘बचाव’च ठेवण्याचा अठरा तारखेचा निर्णय बरोबर वाटतो, आणि त्याचं कारण पन्नास वर्षांपूर्वीचं आहे. 1973 मध्ये आयर्लंडजवळ अटलांटिकखालून टेलिफोन केबल टाकताना ‘पायसिस-3’ हे यान 480 मीटरवर जाऊन आदळलं. आत दोघं, जागा दोन मीटरही नाही. जवळ एक चीज-चटणीचं सँडविच आणि लेमोनेडचा एक डबा. हवा पुरावी म्हणून ते बोलायचंही टाळत होते. 76 तासांनी त्यांना वर काढलं तेव्हा 12 मिनिटांचा प्राणवायू उरला होता. तिथे कुणी ‘शक्यता कमी’ म्हणून हिशेब केला असता तर? फरक इतकाच की त्या वेळी त्याच धंद्यातली, त्याच जातीची दुसरी यानं मदतीला उतरवता आली. टायटनकडे असं दुसरं यान नव्हतं. टायटन चालवणारा, त्याच्या मालक कंपनीचा प्रमुखही आतच मरण पावला आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने मोहिमा बंद केल्या. बिल फाडलं असतं तरी दारावर कुणी नव्हतं.

चार दिवसच आधी, 14 जूनला, ग्रीसजवळ स्थलांतरितांची बोट बुडाली होती. तिच्यात सुमारे 750 माणसं असल्याचा अंदाज, वाचले 104. तिथे वाद मदत वेळेत का पोचली नाही याचा होता, खर्चाचा नव्हे. आणि 2018 मध्ये गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नावेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत निघालेला भारतीय नौदल अधिकारी हिंदी महासागरात पाठ मोडून पडला, तेव्हा मासेमारीवर गस्त घालणाऱ्या फ्रेंच जहाजाने त्याला उचललं. शर्यत हौसेचीच होती, पण आपल्यापैकी कुणी ‘त्याने का भरू नये’ असं म्हटल्याचं आठवत नाही.

ऑगस्ट 2025 च्या अमेरिकी चौकशी अहवालाने टायटनचा अपघात टाळता आला असता असं म्हटलं. बुडी मारण्याआधी संकटकालीन योजना कळवणं सक्तीचं व्हावं, अशी शिफारसही त्यात आहे. आपलं ‘मत्स्य 6000’ हे तिघांचं यान 6000 मीटरसाठी बांधलं जात आहे, आणि आणीबाणीसाठी त्यातही 96 तासांचीच सोय आहे. मुंबई आणि विशाखापट्टणमला नौदलाची पाणबुडी-बचावयानं आहेत. ती 650 मीटरपर्यंत जातात.