करून दाखवायचं नि करवून घ्यायचं : बडोद्यातला जुना वाद, आजचा वर्ग

'मी करतो, आपण करू, आता तू कर' ही तीन पायऱ्यांची पद्धत सध्या शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये असते, पालकांच्या ग्रुपवरही फिरते. तिची मूळ मांडणी १९८३ ची, अमेरिकेतली, नि तीही मुलांना वाचलेलं समजून घ्यायला कसं शिकवावं यासाठी केलेली. पण यातली मधली पायरी, म्हणजे मूल करतंय नि मोठं माणूस बाजूला बसून सांभाळतंय, ही वर्गात कशी टिकवायची हा प्रश्न बडोद्यात त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी उभा राहिला होता, नि तोही गाण्याच्या निमित्तानं.

१८८६ मध्ये महाराज सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं बडोद्यात गायनशाळा सुरू झाली. तिचंच पुढे कॉलेज झालं, सूरसागर तलावाच्या काठावर, ते सगळ्यांना माहीतच आहे. तोवर गाणं शिकायचं म्हणजे उस्तादांसमोर बसायचं, ते म्हणतील ते मागून म्हणायचं, चुकलं की परत, असं वर्षानुवर्षं. करून दाखवणं नि करवून घेणं वेगळं नव्हतंच. पण हे मिळायचं कुणाला, तर घरातल्या मुलांना किंवा गंडा बांधलेल्यांना, म्हणजे धागा बांधून रीतसर शागीर्द झालेल्यांना. शाळा म्हटल्यावर ठरलेला तास, वर्गभर मुलं, परीक्षा. मग शाळा चालवणाऱ्या उस्ताद मौलाबक्षांनी, जे दक्षिणेत राहून कर्नाटक संगीतही शिकून आले होते, स्वतःची स्वरलिपी, म्हणजे गाणं कागदावर लिहायची पद्धत, बनवली नि त्यावर मुलांसाठी पुस्तकं छापली. पुढे ज्या दोन स्वरलिप्या देशभर चालल्या त्या दोन्ही यानंतरच्या.

स्वरलिपी आणण्याचा हा निर्णय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं, कागदावर सूर येतो पण कण (सुराला लागणारा शेजारच्या सुराचा स्पर्श) येत नाही, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही. दरबारी रागातला गंधार पुस्तकात नुसता कोमल ग म्हणून लिहिला तर पोरगं तो सरळ लावणार, त्याचं आंदोलन, म्हणजे हळू झुलणं, ऐकल्याशिवाय नि चारदा दुरुस्त करून घेतल्याशिवाय गळ्यात उतरत नाही. बाजूनं बोलणाऱ्यांचंही खोटं नव्हतं, ज्या मुलांचे वडील गवई नाहीत त्यांनी घरी गेल्यावर रियाज कशावर करायचा? १९१६ ला देशातली पहिली मोठी संगीत परिषद बडोद्यातच भरली, तेव्हा सगळीकडे एकच स्वरलिपी असावी हाही विषय होताच. माझं मत विचाराल तर स्वरलिपी आणली ते बरोबरच केलं, तिच्यामुळे गाणं घराण्याबाहेरच्या मुलांपर्यंत पोचलं. पण ती आठवणीला मदत म्हणून होती नि वर्ग मोठे होत गेले तसं जिथे तिथे ती ऐकण्याच्याच जागी बसली. गुरुजी एकदा म्हणून दाखवतात, मुलं वहीत उतरवतात, पुढचं घरी. मधली पायरी गळते ती इथे.

बाकीच्या विषयांत हेच जास्त वेगानं झालं. १८९३ ला बडोदा संस्थानातल्या अमरेली भागात सक्तीचं शिक्षण आलं, १९०६ ला अख्ख्या संस्थानात, नि ते व्हायलाच हवं होतं. पण एका मास्तरांपुढे एवढी मुलं बसली की हात धरून गिरवून घेणं शक्य राहत नाही, फळ्यावर दाखवणं तेवढं उरतं.

मानसशास्त्राची भर नंतरची. १९६१ चा बाहुलीचा प्रयोग प्रसिद्ध आहे, ७२ मुलं, त्यातल्या ज्यांनी मोठ्यांना बाहुलीला मारताना बघितलं त्यातली बरीच तसंच करणारी. त्यातून मुलं नुसतं बघूनही शिकतात हे लोकांच्या मनात पक्कं बसलं, नि त्यावरच सगळा भर राहिला. खरं तर आपल्या विषयाला जास्त जवळचा १९७६ चा प्रयोग आहे, तीन ते पाच वर्षांची ३० मुलं, लाकडाचे २१ तुकडे जोडून मनोरा करायचा. तीन वर्षांच्यांना आधी त्या कामात ओढून आणावं लागलं, चारच्यांना चूक कुठे आहे ते तोंडी सांगितलं की पुरायचं, पाचच्यांना तर बरोबर आहे ना एवढंच विचारायचं असायचं. दोन वर्षांनी शिकवण्याच्या चार तऱ्हा ताडून बघितल्या. नुसतं करून दाखवलं ते कमी पडलं, नुसतं तोंडी सांगितलं तेही कमी पडलं. मूल अडलं की मदत एक पायरी वाढवायची, जमलं की लगेच कमी करायची, असं ज्यांच्याबरोबर केलं ती मुलं पुढे एकटी सोडल्यावर सगळ्यात चांगली निघाली. चांगले उस्ताद हेच करत होते, फक्त एका वेळी एकाच शागिर्दाबरोबर.

सत्तरच्या दशकात बडोद्यात शिक्षकांनाच अशा रीतीनं तयार करण्यावर बरंच काम झालं. आधी नमुना पाठ बघायचा, मग प्रश्न विचारण्यासारखं एकच कौशल्य घेऊन ६ मिनिटं शिकवायचं, ६ मिनिटं चर्चा, १२ मिनिटांत पाठ परत बांधायचा, परत ६ मिनिटं शिकवणं नि ६ मिनिटं चर्चा, असा एकूण ३६ मिनिटांचा फेरा. बीएड केलेल्यांना हे पाठ असेल. म्हणजे शिक्षकाला स्वतःला मधली पायरी व्यवस्थित मिळत होती, वर्गात गेल्यावर मुलांना ती द्यायला वेळ मिळायचा नाही.

२०१० पासून गुजरातच्या पहिली-दुसरीत आलेल्या प्रज्ञा पद्धतीत मुलांचे गटच मदतीप्रमाणे पाडले, काही शिक्षकांबरोबर, काही थोड्या मदतीनं, काही सोबत्याबरोबर, काही एकटी. मला हे मनापासून आवडतं, कारण मदत कमी करत जायची ही गोष्ट यात शिक्षकाच्या मर्जीवर न राहता वर्गाच्या मांडणीतच आली. गाण्याच्या क्लासात आता गुरुजी व्हॉट्सअ‍ॅपवर रेकॉर्डिंग पाठवतात, त्यामुळे वहीतून निसटलेले कण नि मींड निदान कानावर तरी पडतात. मुलाचं रेकॉर्डिंग परत मागवून, ते ऐकून, कुठे घसरलं ते सांगणारे गुरुजी मात्र अजून थोडेच आहेत.