परित्राण पाठ

परित्राण पाठ म्हणजे भंतेजींना (भिक्खूंना) नाहीतर विधी करणाऱ्या गृहस्थ बौद्धाचार्यांना घरी बोलावून पाली सुत्तं, म्हणजे बुद्धाची वचनं, म्हणवून घेणं. पालीत शब्द आहे परित्त, म्हणजे रक्षण. विदर्भातल्या खेड्यापाड्यात नवीन घरात राहायला जाताना, पोराच्या नामकरणाला, कोणी वारलं तर तेरवीच्या जागी पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्याच्या नावाने पुण्य वाटायला, हा पाठ ठेवतात. बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्ती, पिंपळाची पानं घातलेला पाण्याचा तांब्या, आणि मूर्तीपासून निघून तांब्याला गुंडाळून बसलेल्या सगळ्यांच्या हातातून जाणारा पांढरा दोरा. महामंगल, रतन, करणीयमेत्त ही सुत्तं झाली की पाणी शिंपडतात, दोरा तोडून मनगटाला बांधतात.

पाण्याची गोष्ट जुनी आहे. वैशालीत दुष्काळ आणि रोगराई पडली तेव्हा बुद्धाचा शिष्य आनंद याने रतन सुत्त म्हणत बुद्धाच्या पात्रातलं पाणी नगरात शिंपडलं असं अट्ठकथेत, म्हणजे सुत्तांवरच्या जुन्या पाली टीकेत, येतं.

भांडण आहे ते दोऱ्यावर. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, २२ प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष आणि पिंडदान सोडलं, मग हा दोरा म्हणजे मंतरलेला गंडाच झाला ना, असं गावातली शिकलेली पोरं विचारतात, आणि त्यांचं चूक नाही, कारण कर्मकांडाने मुक्ती मिळते असं धरून बसणं याला बुद्धाने सीलब्बतपरामास म्हटलंय आणि दहा संयोजनांत, म्हणजे बंधनांत, ते तिसरं आहे. (तीच पोरं निळा झेंडा लावलेल्या ऑटोला लिंबू-मिरची बांधतात ते वेगळं.) म्हाताऱ्या बायांचं म्हणणं असं की तेवढ्यासाठी तरी सगळं घर तासभर एका जागी बसते, भावकीतले अबोला धरलेले दोघं एकच दोरा धरतात.

मिलिंदपञ्ह या जुन्या पाली ग्रंथात हा प्रश्न मिलिंद राजाने नागसेन भिक्खूलाच विचारलाय, की परित्त म्हटलं तर मरण टळतं का? नागसेन म्हणतो, काहींचं रक्षण होतं, काहींचं नाही. कर्म आड आलं, मनातले क्लेश आड आले किंवा श्रद्धाच नसली तर नाही. म्हणजे ताप आला तर आधी पीएचसीतच (सरकारी दवाखान्यात) न्यायचं. करणी झाली म्हणून जाणत्याकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, जाणारी आणि त्याच्याने जमलं नाही म्हणून भंतेजींकडे येणारी घरंही आहेत, तिथे सुत्ताचा मंत्र होतो.

दोरा किती दिवस ठेवायचा याचा नियम नाही, कोणी दुसऱ्या दिवशी सोडतं, कोणी कापूस वेचता वेचता झिजून तुटेपर्यंत.