आयटी सपोर्ट

संस्थेतील संगणक, नेटवर्क, सॉफ्टवेअर आणि त्यांत साठवलेली माहिती रोजच्या कामाला हाताशी राहावी म्हणून सतत केली जाणारी देखभाल, दुरुस्ती, मदत आणि पूर्वतयारी म्हणजे आयटी सपोर्ट. ‘माहिती तंत्रज्ञान साहाय्य’ हा पर्याय कागदोपत्री चालतो. बोलण्यात मात्र ‘आयटीवाल्यांना बोलाव’ असेच ऐकू येते. प्रिंटर अडकला, पासवर्ड विसरला, इंटरनेट गेले ही या कामाची दिसणारी बाजू. न दिसणारी बाजू मोठी आहे : बॅकअप घेणे, सुरक्षेचे पॅच (सॉफ्टवेअरमधील त्रुटी बुजवणारे छोटे बदल) बसवणे, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे लॉगिन वेळेत बंद करणे, सर्व्हरवरची जागा भरत आली का हे पाहणे. ही कामे नीट झाली की काहीच घडत नाही, आणि बराच काळ काहीच घडले नाही की या विभागावरचा खर्च वायफळ वाटू लागतो.

अवलंबित्वाचे स्वरूप

व्यवसायात संगणक असणे वेगळे आणि व्यवसाय संगणकावर अवलंबून असणे वेगळे. यंत्रणा बंद पडल्यावर हाताने काम किती वेळ रेटता येते, हे अवलंबित्वाचे खरे माप मानता येईल. विक्रीचे बिल, मालसाठा, ग्राहकाची उधारी आणि कराचा हिशेब पूर्वी चार वह्यांत राहत. वह्यांचा मेळ बसत नसे, महिनाअखेरीस रात्री जागवाव्या लागत. पण एक कारकून आजारी पडला तरी बाकीच्या तीन वह्या चालू राहत. एकात्मिक सॉफ्टवेअरमध्ये बिल होताच साठा घटतो, उधारी वाढते, कर मोजला जातो, माल कमी पडत असेल तर पुरवठादाराकडे मागणीही जाते. उशीर गेला, बऱ्याच चुका गेल्या, आणि त्यांच्याबरोबर वह्यांमधले अंतरही गेले. एक डेटाबेस थांबला की चारही कामे एकाच क्षणी थांबतात.

दुसरी गोष्ट विस्मरणाची. हाताने काम करण्याची रीत एकदा मोडली की ती येणारी माणसेही हळूहळू निघून जातात. स्वयंचलित यंत्रणा जितकी चांगली, तितका माणसाचा सराव कमी होतो आणि नेमक्या अवघड प्रसंगी त्याच माणसावर भिस्त येते, हा विरोधाभास मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये मांडला. त्यांच्यासमोर कारखान्यांतील नियंत्रण कक्ष होते. आज तो कोणत्याही कार्यालयाला लागू पडतो.

इतिहास

व्यवसायाच्या नित्य कामासाठी संगणक पहिल्यांदा वापरला तो कोणा बँकेने नव्हे, तर चहाची दुकाने आणि बेकऱ्या चालवणाऱ्या ब्रिटनच्या जे. लायन्स या कंपनीने. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक यंत्राच्या धर्तीवर कंपनीने ‘लिओ’ हा संगणक स्वतःच बांधला आणि १९५१ मध्ये त्यावर बेकरीच्या मालाचे साप्ताहिक मूल्यांकन सुरू केले. त्यात सुमारे ६,००० व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) होते आणि ते जळणे ही नित्याची बाब होती. म्हणजे व्यवसायातला संगणक आला तोच देखभालीचे काम सोबत घेऊन.

पुढच्या दोन दशकांत तंत्रज्ञान कार्यालयाबाहेर, थेट ग्राहकापर्यंत गेले. अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांची ‘सेबर’ ही विमान आरक्षण यंत्रणा १९६० च्या दशकात सुरू झाली. १९६७ मध्ये लंडनजवळील एन्फील्ड येथे बार्कलेज बँकेने रोख रक्कम देणारे यंत्र बसवले. २६ जून १९७४ रोजी ओहायोतील ट्रॉय येथल्या सुपरमार्केटमध्ये च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड स्कॅन होऊन पहिली विक्री झाली. आतापर्यंत यंत्र बिघडले तर कर्मचारी खोळंबत. इथून पुढे रांगेतला ग्राहक खोळंबू लागला.

मेनफ्रेम या अवाढव्य यंत्रांच्या काळात संगणक एका खोलीत आणि मोजक्या जाणकारांच्या हाती असे. १९७९ चे व्हिसिकॅल्क हे स्प्रेडशीट आणि १९८१ चा आयबीएम पीसी यांनी तो प्रत्येक टेबलावर आणला. वापरणारे बहुसंख्य, जाणणारे थोडे अशी स्थिती झाली आणि हेल्पडेस्कची, म्हणजे अडचण सांगायच्या मदतकक्षाची, गरज वाढली. ब्रिटिश सरकारच्या एका संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस या कामाच्या चांगल्या पद्धती संकलित केल्या. त्यातून ‘आयटिल’ ही चौकट घडली. पुढे २००५ मध्ये आयटी सेवा व्यवस्थापनासाठी ‘आयएसओ/आयईसी २००००’ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. ॲमेझॉनने २००६ मध्ये साठवण आणि सर्व्हर भाड्याने द्यायला सुरुवात केल्यावर यंत्रेच जागेवरून हलली. असे दूरचे भाड्याचे संगणक, म्हणजे क्लाउड, आल्यावर सपोर्ट लागणार नाही असा समज तेव्हा पसरला होता. प्रत्यक्षात पंखे, डिस्क आणि केबल यांची कटकट गेली. त्यांच्या जागी खाती, परवानग्या, इंटरनेट जोडणी आणि पुरवठादाराचे करार सांभाळायचे काम आले.

या गुंतवणुकीतून मिळाले काय, यावर वादही झडले. संगणकयुग सगळीकडे दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाही, अशा आशयाची टिप्पणी अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये केली. निकोलस कार यांनी २००३ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त लिहिले, की माहिती तंत्रज्ञान विजेसारखे सर्वांना उपलब्ध झाल्याने त्यातून स्पर्धेत वेगळे काही हाती लागत नाही, व्यवस्थापकांनी संधींपेक्षा धोक्यांकडे अधिक लक्ष द्यावे. लेखाच्या पहिल्या भागावर बरीच टीका झाली. दुसरा भाग काळाने खरा ठरवला.

कामाची पद्धत

तक्रारीची नोंद होते तिला ‘तिकीट’ म्हणतात. पहिल्या पातळीवर नेहमीचे प्रश्न सुटतात, दुसऱ्या पातळीवर नेटवर्क किंवा विशिष्ट सॉफ्टवेअरचे जाणकार असतात आणि तिसऱ्या पातळीवर ती यंत्रणा ज्यांनी बनवली ते अभियंते किंवा पुरवठादार. किती वेळात प्रतिसाद द्यायचा आणि किती वेळात सेवा पूर्ववत करायची हे सेवा करारात, म्हणजे एसएलएत, ठरवलेले असते.

आयटिलने केलेला एक भेद महत्त्वाचा आहे. सेवा खंडित होणे ही ‘घटना’ आणि तिच्यामागचे कारण ही ‘समस्या’. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करा, या सल्ल्याची थट्टा होते. पण तो बहुधा लागू पडतो, कारण वापर संपल्यावरही सॉफ्टवेअरने अडवून ठेवलेली मेमरी आणि अर्धवट अडकलेल्या प्रक्रिया त्याने मोकळ्या होतात. यात घटना मिटते, समस्या मात्र तशीच राहते. दर सोमवारी तोच सर्व्हर रीस्टार्ट करून तिकीट बंद करणारा विभाग आकडेवारीत कार्यक्षम दिसतो. किती तिकिटे बंद केली यावर सपोर्टचे मोल ठरवणाऱ्या संस्थांना हे उशिरा कळते.

सेवेची उपलब्धता टक्क्यांत सांगण्याची रीत आहे. ९९.९ टक्के हे ऐकायला परिपूर्ण वाटते. वर्षाच्या हिशेबाने ते सुमारे पावणेनऊ तासांची बंदी दाखवते. ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे ५३ मिनिटे, तर ९९.९९९ टक्के म्हणजे पाच मिनिटांहून थोडे अधिक. ही मिनिटे केव्हा येणार हे आकडा सांगत नाही. रविवारी पहाटे दोन तास आणि पगाराच्या दिवशी दुपारी दोन तास यांची टक्केवारी एकच असते.

अपडेटचा पेच

सपोर्टमधला सर्वांत कठीण निर्णय अपडेट केव्हा बसवायचे हा आहे, आणि त्याच्या दोन्ही टोकांना मोठे अपघात झाले आहेत.

मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधील एका त्रुटीवर पॅच दिला. त्याच त्रुटीतून शिरणारा ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम १२ मे रोजी पसरला आणि सुमारे १५० देशांत संगणक कुलूपबंद झाले. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. जुनाट विंडोज एक्सपीला दोष देण्याची तेव्हा चढाओढ होती. पण बाधितांत बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते. त्यांचा सपोर्ट चालू होता, पॅच उपलब्ध होता, फक्त कोणी बसवला नव्हता. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ आला. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीला जवळपास ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. वापरकर्त्यांची ओळख सांभाळणाऱ्या सर्व्हरची एकच शाबूत प्रत उरली होती, तीही घानामधील कार्यालयात. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून ती वाचली.

दुसरे टोक १९ जुलै २०२४ रोजी दिसले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. विमाने, बँका, रुग्णालये, वृत्तवाहिन्या खोळंबल्या. फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली होती. मात्र अडकलेला संगणक नीट सुरूच होत नसल्याने अनेक ठिकाणी दुरुस्ती दुरून करता येईना. एकेका यंत्रापाशी जाऊन, ते सेफ मोडमध्ये (फक्त अत्यावश्यक भाग चालू ठेवून) उघडून ती फाइल काढावी लागली. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद, असेल तर त्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की हवी. आणि त्या कींची यादी ज्या सर्व्हरवर ठेवली तोही अडकला असेल तर काय करायचे, याचे उत्तर अनेकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच शोधले.

उशीर केला तर वॉनाक्राय, घाई केली तर क्राउडस्ट्राइक. म्हणून अपडेट आधी मोजक्या यंत्रांवर सोडून, थोडे थांबून मग सर्वत्र नेण्याची पद्धत आहे. ती पाळण्यातही माणूस चुकतो. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलालीच्या कंपनीत नवे सॉफ्टवेअर आठ सर्व्हरांवर चढवायचे होते. एक राहून गेला. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडताच त्या सर्व्हरवरचा जुना, वापरातून गेलेला कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीने ४४ कोटी डॉलरहून अधिक गमावले. बाजार उघडण्याआधी यंत्रणेने चूक झाल्याचे दाखवणाऱ्या ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना धाडल्या होत्या. त्यांवर कोणी हालचाल केली नाही. रोज शेकड्यांनी येणाऱ्या सूचनांना माणसे कशी सरावतात हे ज्याने सर्व्हर सांभाळले आहेत त्याला ठाऊक असते.

बॅकअप

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक वेगळ्या ठिकाणी, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम अजूनही पाया मानला जातो. तरी बॅकअप घेणे हे अर्धेच काम; तो परत चढवून पाहिल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणण्यात अर्थ नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीतील एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेस पुसला. तेव्हा लक्षात आले, की बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही विश्वासाने चालत नव्हती. त्याच अभियंत्याने काही तास आधी योगायोगाने काढलेली प्रत कामी आली आणि सुमारे सहा तासांची माहिती गमवावी लागली. कंपनीने हा सारा प्रकार आणि दुरुस्तीचे काम लोकांसमोर उघडपणे मांडले, हे विशेष.

किती माहिती गमावलेली चालेल आणि किती वेळ बंद राहिलेले चालेल, हे दोन प्रश्न तांत्रिक वाटतात; त्यांची उत्तरे मालकाने द्यायची असतात. व्यवहारात ती तंत्रज्ञाकडे ढकलली जातात आणि दुर्घटनेनंतर त्यालाच जाब विचारला जातो.

माणसे आणि व्यवस्था

लहान व्यवसायात बहुधा एकच माणूस सगळे पाहतो किंवा बाहेरच्या कंपनीशी वार्षिक देखभाल करार असतो. खरी जोखीम या दोहोंच्या निवडीत नसून माहिती कोणाच्या डोक्यात आहे यात आहे. कोणता सर्व्हर कशाला जोडला आहे, डोमेनचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाचे, नूतनीकरण कोणाच्या ईमेलवर येते, राउटरचा पासवर्ड काय, हे लिहून ठेवलेले नसेल तर तो माणूस रजेवर गेला तरी व्यवसाय अडतो. ही नोंद त्याच यंत्रणेत असून भागत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या सेवा सुमारे सहा तास जगभर बंद होत्या. दुरुस्तीसाठी लागणारी अंतर्गत साधनेही त्याच नेटवर्कवर अवलंबून असल्याने अभियंत्यांची कोंडी झाली होती.

हाताने काम चालवण्याची कसोटी नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीने दिली. १९ मार्च २०१९ रोजी तिच्यावर ‘लॉकरगोगा’ या खंडणीखोर प्रोग्रामचा हल्ला झाला. कर्मचारी सुमारे ३५,०००, संगणक ठप्प. प्रवेशद्वारांवर, नेटवर्कला काहीही जोडू नका, अशा कागदी सूचना लागल्या. कंपनीने खंडणी दिली नाही. कागदावर काम करण्याची जुनी रीत ठाऊक असलेले काही निवृत्त कर्मचारी मदतीला परत आले. धातू वितळवणाऱ्या भट्ट्या हाताने चालवता आल्या. सर्वाधिक फटका बसला तो ॲल्युमिनियमला ग्राहकाच्या मागणीप्रमाणे आकार देणाऱ्या विभागाला : धातू तयार होता, यंत्रे तयार होती, पण कोणाला कोणता आकार हवा ते संगणकात होते.